एक जूनची माणसं

कुंदन पितांबर पाटील हा रागीट माणूस आहे, असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात. मी कितीतरी वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसते, तेव्हा याबाबत बोलायचा हक्क मला आहे. तो रागीट नाही. त्याला राग येतो, एवढंच. जे तो रोज बघतो ते बघून इतरांना कसा येत नाही, याचं मला नवल वाटतं. मी रोहिणी. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. कुंदन कोड लिहितो, मी त्यात खोट काढते, आणि तरीही आमचं भांडण होत नाही, यावरून माणूस कसा असेल ते समजा.

कंपनी पुण्याची, पण आमची शाखा नंदुरबारला, स्टेशनकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर एका कापडाच्या दुकानाच्या वर. मिरचीच्या दिवसांत खिडकी उघडली की अख्खं ऑफिस खोकायला लागतं. पुण्याची माणसं व्हिडिओवर विचारतात, तुम्हाला सगळ्यांना एकदम सर्दी कशी झाली? दर हंगामात विचारतात. पहिली काही वर्षं कुंदनने समजावून सांगितलं. आता तो लॅपटॉप उचलून कॅमेरा खिडकीकडे करतो आणि लाल झालेल्या डोळ्यांनी पुढचं काम विचारतो.

तो राहतो प्रकाशाला. घरची केळी, कापूस, वडील अजून शेत बघतात. कुंदन रोज मोटरसायकलवर येतो-जातो. इंजिनिअरिंग धुळ्याला केलं, थोडे दिवस पुण्यात काढले आणि परत आला. गावात त्याला अजून कोणी ना कोणी थांबवून मोबाइल हातात देतं, कारण कॉम्प्युटरवाल्याला सगळं येतं अशी समजूत आहे. त्याचा त्याला राग येत नाही. उलट म्हाताऱ्या माणसांचे मोबाइल तो आवडीने बघतो. त्याचा राग मोबाइलवर असतो. काल जिथे बटण होतं तिथे आज ते नाही, कारण कुठेतरी कोणा डिझायनरला वाटलं की वर छान दिसेल. किराणावाला रोज मिठाची बरणी जागा बदलून ठेवतो का, असं तो मला विचारतो. 

सकाळची मीटिंग हे त्याचं दुसरं दुखणं. रोज सगळ्यांनी व्हिडिओवर यायचं आणि काल काय केलं, आज काय करणार, काही अडचण आहे का, ही तीन उत्तरं द्यायची. ती घेतात हेमराज सर, म्हणजे आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख. सर बसतात पुण्याला, पण मूळचे शहाद्याकडचे. घरी आईशी फोनवर अहिराणीत बोलतात, हे मी स्वतः ऐकलंय, पण आमच्याशी मात्र अर्धं इंग्रजी अर्धं मराठी. एकदा अडचणीची पाळी आल्यावर कुंदन म्हणाला, अडचण म्हणजे ही मीटिंग. सर हसले आणि म्हणाले, नोटेड, नेक्स्ट. सर चिडत नाहीत. अगदी अलीकडेपर्यंत कोणी त्यांना चिडलेलं पाहिलेलं नाही, आणि मला विचाराल तर त्या माणसात वाईट काही असेल तर ते हेच आहे.

मग पुण्याहून एक सॉफ्टवेअर आलं. माउस किती हलला यावरून कोण किती काम करतो ते मोजणारं. कुंदन विचार करताना हात बांधून छताकडे बघत बसतो, आणि अवघड काम असलं तर अर्धी सकाळ तसाच बसतो. सॉफ्टवेअरने त्याला आळशी ठरवलं. त्याने काय करावं? टेबलफॅनला दोरा बांधला, दोऱ्याचं दुसरं टोक माउसला. फॅन मान हलवेल तसा माउस हलू लागला. महिनाअखेरीला सरांनी सगळ्यांसमोर त्याचं अभिनंदन केलं. आम्ही पोट धरून हसलो. कुंदन हसला नाही. तो दिवसभर फणफणत होता, की पंख्याचं काम यांना दिसतं आणि माझं दिसत नाही.

आता एक जूनचं सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. आमच्या जिल्ह्यात मूल शाळेत घालायला आई-बाप गेले की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, कापूस वेचणीला झाला. किंवा होळीला सहा महिन्यांची होती. कापूसवेचणी काही रजिस्टरात लिहिता येत नाही. मग गुरुजी पोराकडे एकदा बघायचे, वयात बसेल असं वर्ष धरायचे आणि पुढे एक जून लिहून टाकायचे. कुंदनला शाळेत घातलं ते बन्सीलाल गुरुजींनी. त्यांनी त्या दिवशी घातलेली सगळी पोरं एक जूनची. त्याची आई निर्मलाबाई अजून म्हणते, "तू कापूस येचाना टायमले व्हयना. जूनमा कोठे कापूस ऱ्हास?" पण आधार कार्डावर, पॅनवर, लग्नाच्या नोंदणीवर तो एक जूनचाच आहे. मीही एक जूनची. आमच्या ऑफिसातले निम्म्याहून जास्त लोक एक जूनचे. त्या दिवशी केक येतो, नावं मावत नाहीत म्हणून क्रीमने नुसती तारीख लिहून आणतात. हेमराज सरांची कागदावरची तारीखही तीच. ते आपला खरा वाढदिवस जानेवारीत पुण्याला साजरा करतात आणि फोटो टाकतात.

हे सगळं गमतीचं होतं, सिकलसेलचं काम येईपर्यंत.

एका संस्थेने नवापूरच्या डोंगरपट्ट्यात सिकलसेलची तपासणी सुरू केली होती आणि तिचं सॉफ्टवेअर आमच्याकडे आलं. हा रक्ताचा आजार. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई-बापांपैकी एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो, त्याला सहसा त्रास नसतो, औषध लागत नाही. दोघांकडून आला तर रुग्ण. मग सांधे, पोट, छाती अशी दुखते की धडधाकट माणूस जमिनीवर लोळतो. रोजची एक गोळी असते, ती चालू असली की हे झटके पुष्कळ कमी येतात. संस्थेच्या खांडबाऱ्याच्या केंद्रावर ती गोळी फुकट मिळते. कार्ड दाखवायचं, सिस्टर ते मोबाइलवर स्कॅन करते, पडद्यावर 'रुग्ण' आलं की गोळ्या मिळतात.

पहिलं सॉफ्टवेअर कुंदनने एकट्याने लिहिलं. नुसतं ऑफिसात बसून नाही. सकाळची गाडी पकडून तो खांडबाऱ्याला जायचा, शिबिरात सिस्टरच्या मागे उभा राहून ती काय करते ते बघायचा. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून अक्षरं मोठी केली. रेंज जाते म्हणून रेंज नसतानाही चालेल असं केलं. आणि आईचं नाव लिहायला एक जागा ठेवली, कारण तिथे त्याच्या लक्षात आलं की नावं फार सारखी आहेत. ख्रिस्ती घरांत दावीद, दानियल, हिंदू घरांत करमसिंग, नवलसिंग, आडनावं दोन-चारच, आणि जन्म सगळ्यांचा एक जून. तिथल्या लोकांना त्याचा नंबर पाठ झाला. अजूनही त्यांचे फोन येतात. त्या दिवसांत मी त्याला चिडलेला पाहिलेला नाही.

पुढच्या वर्षी संस्थेला पैसे देणाऱ्यांना माहिती स्वच्छ हवी होती. म्हणजे काय, तर एकच माणूस दोनदा नोंदलेला नको. मागणी काही चूक नव्हती. हेमराज सरांनी आधी आईच्या नावाची जागा काढून टाकली, कारण बऱ्याच ठिकाणी ती रिकामी होती आणि पडदा गिचमिड दिसत होता. मग नियम केला, की नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख सारखी असेल तर तो एकच माणूस. दोन नोंदींची एक करायची, आणि रक्ताचा जो रिपोर्ट नंतरचा तो खरा धरायचा. हा नियम त्यांनी एआयकडून लिहून घेतला आणि पाच मिनिटांत झाला असं मीटिंगमध्ये कौतुकाने सांगितलं.

कुंदन तिथल्या तिथे भडकला. म्हणाला, सर, तुम्ही शहाद्याचे, तुम्हाला एक जून माहीत नाही? सर म्हणाले, माहीत आहे, पण अशा केसेस किती असतील, एज केस आहे, म्हणजे क्वचित कुठेतरी घडणारी. कुंदन म्हणाला, तिथे तीच रीत आहे, एज बीज काही नाही. सर म्हणाले, नोटेड. आणि ते काम त्याच्याकडून काढून पुण्याच्या टीमला दिलं. माझ्याकडे तपासायला आलं तेव्हा मी लिहून दिलं, की एकाच गावातली एकाच नावाची दोन वेगळी माणसं टाकली तर एक गायब होतं. उत्तर आलं, अपेक्षेप्रमाणे चालत आहे. आमच्या धंद्यातलं माझं सर्वांत नावडतं वाक्य ते. कोणाच्या अपेक्षेप्रमाणे, ते कोणी लिहीत नाही.

कुंदनचं एआयबद्दलचं मत मला तेव्हा कळलं. त्याला त्याचा राग नाही. तो म्हणाला, त्याला जे विचारलं ते त्याने दिलं, बिचाऱ्याला खांडबारा कुठे आहे ते कोणी सांगितलं नाही. पण त्यानेही उलट काही विचारलं नाही, आणि काही न विचारता हो म्हणणारे आपल्याकडे आधीच काय कमी होते?

एका दुपारी आम्ही डबा खात होतो आणि त्याला मार्थाबाईचा फोन आला. मार्थाबाई खांडबाऱ्याजवळच्या एका गावच्या. शेती थोडी आहे, बाकी मजुरी करतात. त्यांची मुलगी रविना सिकलसेलची रुग्ण, शिवणकाम करते. कुंदनने तिचं कार्ड शिबिरात स्वतः बनवलं होतं. मार्थाबाई सांगत होत्या, की केंद्रावर रविनाला गोळ्या देत नाहीत. मशीन सांगतं ही नुसती वाहक आहे, औषध लागू नाही. मागच्या महिन्यातही परत पाठवलं. आता तिची बोटं सुजली आहेत, शिवणयंत्रावर बसवत नाही, रात्रभर कण्हते. त्यांनी विचारलं, "दादा, पोरगी बरी झाली का? मशीन सांगतं म्हणून विचारते."

कुंदनने जेवण तसंच टाकलं आणि नोंद उघडली. त्याच गावच्या वरच्या पाड्यावर दुसरी एक रविना दानियल गावीत होती. तीही एक जूनची, तेच वर्ष, कारण शाळा एक आणि गुरुजी एक. ती वाहक. तिची तपासणी नंतर झालेली. दोघींची मिळून एक रविना झाली होती, आणि ती वाहक होती.

मी म्हटलं, पुन्हा रक्त तपासायला सांग. तो म्हणाला, "ताई, तीच तर गंमत शे." पुन्हा तपासलं की रिपोर्ट त्याच एका नोंदीत जाणार. मग ती दुसरी, धडधाकट मुलगी पडद्यावर रुग्ण होणार आणि तिला नको असलेली गोळी चालू होणार. जिचं रक्त शेवटी काढलं ती खरी. बाहेरून गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि डॉक्टर त्याच पडद्यावर बघून चिठ्ठी लिहितात. गोळ्या सिस्टरच्या मागच्या काचेच्या कपाटात दिसत होत्या. सिस्टर रविनाला ओळखत होती. पण मागे एकदा तिने पडद्यावर नसताना औषध दिलं होतं आणि तिला नोटीस आली होती, कंत्राटी नोकरी जाता जाता राहिली. तिला तरी काय दोष द्यायचा?

कुंदनने सरांना फोन लावला. मी शेजारीच होते. सर शांतपणे म्हणाले, एक केलेल्या नोंदी परत वेगळ्या करायची सोय केलेली नाही, ती पुढे बघू. जुन्या नोंदींची प्रत आहे, पण तिला आत्ता हात लावायचा नाही, कारण संस्थेच्या मॅडम आढावा घ्यायला येताहेत आणि किती डुप्लिकेट काढले हा आकडा त्यांना आधीच कळवलेला आहे. आढावा होऊ दे, मग तिकीट टाक, म्हणजे सिस्टीमवर तक्रार नोंदव. कुंदन म्हणाला, सर, ती मुलगी दुखण्याने तळमळते आहे. सर म्हणाले, आय अंडरस्टँड. फोन ठेवल्यावर कुंदनने खुर्चीला लाथ मारली. खुर्ची चाकांची, ती निवांत जाऊन भिंतीला टेकली. 

आढाव्याच्या दिवशी हेमराज सर स्वतः पुण्याहून आले, इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप. मॅडम मुंबईहून आल्या. चांगल्या बाई वाटल्या, सगळ्यांना नावं विचारली. आमच्या मीटिंगच्या खोलीत पडदा लावला, समोसे मागवले. कुंदन तोवर जागेवर नव्हता. तो स्टेशनवर गेला होता. खांडबाऱ्याच्या गाडीने त्याने मार्थाबाईंना बोलावलं होतं, त्यांच्या रविनाला आणि त्या दुसऱ्या रविनालाही. रिक्षाने आणून त्याने तिघींना माझ्या टेबलाजवळ बसवलं आणि मला म्हणाला, पाणी दे. मार्थाबाईंची रविना बारीक, पिवळट डोळ्यांची. सुजलेली बोटं ओढणीखाली धरून बसली होती. दुसरी उंच, खुशालचेंडू. नंदुरबारला आलोच आहोत तर बाजारातून काय काय घ्यायचं, हे ती मला विचारत होती.

पडद्यावर तो आकडा आला, हिरव्या रंगात. इतके टक्के डुप्लिकेट नोंदी काढून टाकल्या. मॅडमनी मान डोलावली. तेवढ्यात कुंदनने दार उघडलं आणि दोघींना आत आणून मॅडमच्या समोरच्या खुर्च्यांवर बसवलं. मार्थाबाई दारातच उभ्या राहिल्या. मीही त्यांच्यामागे.

"मॅडम," कुंदन म्हणाला, "ही आमच्याकडे एक बाई आहे. यातली कोणती घरी पाठवू ते सांगा."

मॅडमना काही कळेना. त्यांनी पहिलीला नाव विचारलं. तिने सांगितलं. दुसरीला विचारलं. तिनेही तेच सांगितलं आणि हसली. जन्मतारीख विचारली, दोघी एकदमच बोलल्या. मॅडमच्या हातातला समोसा हातातच राहिला. मग कुंदनने सगळं सांगितलं, रागाने पण नीट. गोळ्या का बंद झाल्या, पुन्हा तपासलं तर काय होईल, आईच्या नावाची जागा परत आणली आणि जुन्या प्रतीवरून नोंदी वेगळ्या केल्या तर कसं निस्तरेल. आणि ह्या दोघी तुमच्यासमोर बसल्या आहेत, पण त्या हिरव्या आकड्यात अजून कोण कोण आहे, ते आज या खोलीत कोणालाच माहीत नाही, हेही त्याने सांगितलं.

 मला वाटलं, जिंकलं.

हेमराज सरांनी लॅपटॉप जवळ ओढला. चेहऱ्यावर तेच हसू. ते म्हणाले, यासाठी सगळी सिस्टीम उलटी फिरवायची गरज नाही. दोघींपैकी एकीची जन्मतारीख बदलायची. एक जूनऐवजी दोन जून केलं की नियमाला ती वेगळी व्यक्ती दिसेल, नवी नोंद आपोआप तयार होईल, शिबिरातला तिचा कागदावरचा जुना रिपोर्ट तिला जोडायचा, कार्ड चालू. दोन मिनिटांचं काम. मॅडमचा जीव भांड्यात पडला. त्या म्हणाल्या, अहो, मग सोपं आहे की.

कुंदनचा आवाज चढला. तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, आधारवर एक जून आहे. इथे दोन केलं की उद्या दुसऱ्या कुठल्या खिडकीवर ती अडकेल. नियम चुकलाय तर नियम बदला, माणसाची तारीख कसाला बदलता? आणि मग त्याची मराठी सुटली. सरळ सरांकडे बोट करून तो म्हणाला, "सर, तुमना जन्म कवयना शे? खरा सांगा. जानेवारीना ना? मंग तुमले म्हाईत व्हतं. बठं म्हाईत व्हतं तुमले."

सर म्हणाले, "कुंदन, तुला या मुलीची काळजी होती ना? मी तिला आत्ता औषध मिळवून देतोय. तू अडवतोयस."

मी त्या क्षणी सरांच्या डोक्यात पाण्याची बाटली घालणार होते. खरंच घालणार होते. कारण ते बरोबर बोलत होते, आणि ते बरोबर ठरावेत अशी व्यवस्था त्यांनीच केली होती.

मार्थाबाई दारातून पुढे आल्या. आतापर्यंत त्यांना कोणी बसासुद्धा म्हटलं नव्हतं. त्या कुंदनच्या जवळ गेल्या आणि हळू आवाजात, शाळेतल्यासारख्या सावकाश मराठीत म्हणाल्या, "दादा, तारखेचं राहू द्या. ती झाली तेव्हा भात कापायला आला होता. नाताळ जवळ होता. गुरुजींनी विचारलं नाही, कोणीच विचारलं नाही. आधीची तारीख पण खोटीच आहे. ती रात्री झोपत नाही, दादा. आजच्या गाडीने जायच्या आधी गोळीचं करून द्या."

कुंदन सरांच्या खुर्चीजवळ गेला. मग सरांना म्हणाला, उठा. सर उठले. तो त्यांच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, मीच टाकसू, पण खोटी कसाले टाकू, खरी टाकसू. त्याने मार्थाबाईंना पुन्हा विचारलं, आणि त्यांच्या भातकापणीच्या अंदाजाने नोव्हेंबर टाकला. सिस्टीमने नोव्हेंबर घेतला नाही. महिना बदलायचा असेल तर जन्माचा दाखला जोडा, असं लाल अक्षरांत आलं. दाखला कुठला? त्या काळी घरीच झालेलं बाळंतपण. त्याने पुन्हा टाकलं. पुन्हा लाल. मग त्याने महिना तोच ठेवला आणि दिवस तेवढा बदलून दोन जून केला. लगेच हिरवी खूण आली. नवी नोंद तयार झाली, अभिनंदन, असंही आलं. दिवस बदलायला पुरावा लागत नाही, हाही नियमच.

त्याने शिबिरातला जुना रिपोर्ट जोडला, केंद्राच्या सिस्टरला फोन करून सांगितलं आणि उठला. रविनाने त्याच्याकडे बघून विचारलं, आता मी रुग्ण आहे ना? तो हो म्हणाला. एखाद्याला आजारी ठरवल्याचा इतका दिलासा कोणाला झालेला मी पाहिला नव्हता. दुसरी रविना बाजारात जाऊ या म्हणून मागे लागली होती, पण मार्थाबाईंना गाडी गाठायची होती. त्यांना सोडायला कुंदन स्टेशनवर गेला आणि त्या दिवशी ऑफिसात परत आला नाही.

त्याच संध्याकाळी गोळ्या मिळाल्या. रविना आता बरी आहे, शिवणयंत्रावर बसते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला तीच काळजी असेल, आणि ती असायलाच हवी.

बाकीचं मात्र जिथल्या तिथे आहे. आढावा उत्तम झाला. थोड्याच दिवसांत सरांनी सगळ्या केंद्रांना सूचना काढली, की एकाच नावाची दुसरी व्यक्ती आढळल्यास जन्मदिनांकात एक दिवस वाढवावा. आता डोंगरात दोन जूनची माणसं आहेत, तीन जूनची आहेत. बन्सीलाल गुरुजींनी निदान पोराकडे एकदा बघून तारीख लिहिली होती. आईच्या नावाची जागा अजून परत आलेली नाही. आणि ज्यांना आपलं नाव कोणात मिसळलं आहे हे ठाऊकच नाही, ज्यांच्याकडे कुंदनचा नंबर नाही, ते कार्ड घेऊन केंद्रावर जातात आणि मशीन सांगेल ते ऐकून परत येतात.

मला वाटलं होतं, कुंदन राजीनामा देईल. मी त्याला तसं विचारलंही. त्याने मलाच वेड्यात काढलं. म्हणाला, मी गेलो तर तो कोड कोण उघडणार? त्याने जुनी प्रत उघडायची परवानगी पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली नाही. मग तो सुटीच्या दिवशी गाडीने खांडबाऱ्याला जायला लागला. पाड्यापाड्यांवर फिरतो, कार्डं बघतो, एकाच नावाची माणसं शोधतो. त्याची बायको चिडते, आई चिडते. मी एकदा बरोबर गेले तर माझी चप्पल तुटली आणि तो थांबला नाही.

आणि रोज सकाळच्या मीटिंगमध्ये सर विचारतात, काही अडचण? तेव्हा कुंदन एक नाव सांगतो. नाव, गाव, पाडा, आणि कोणाचं औषध बंद आहे. एवढंच बोलतो, आवाज चढवत नाही. पुण्याची मंडळी पहिल्यांदा हसली, आता खाली बघतात. सर म्हणतात, नोटेड, नेक्स्ट. पण त्या नावाचं त्यांना त्या दिवशी करावं लागतं, कारण सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

परवाच्या मीटिंगमध्ये तो म्हणाला, करमसिंग नवलसिंग वसावे, औषध बंद. सरांनी पहिल्यांदाच जरा आवाज चढवला. म्हणाले, "कुंदन, हे नाव मागच्या आठवड्यात झालंय. डुप्लिकेट आहे."

कुंदनने कॅमेऱ्याच्या जवळ तोंड नेलं.

"नही सर," तो म्हणाला, "तो वरला पाडाना व्हता. हाऊ दुसरा शे."